उतरलेला ताप

"कडू लागलं की गोड?" हा प्रश्न वनिता रोकडे दिवसभरात इतक्या मुलांना विचारायची, की घरी नवऱ्याला चहा देतानाही कधीकधी तिच्या तोंडून तो निघून जायचा. मुलं शब्दात उत्तर देत नसत. तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर हसरे, रडके, वैतागलेले चेहरे काढलेले होते. त्यातल्या एकावर मूल बोट ठेवायचं. नव्या औषधाची चव मुलांना सोसते का, हेही बघावं लागतं. मोठ्या माणसाला डोळे मिटून गिळ म्हणता येतं, लहान पोराला ते सांगून उपयोग नसतो.

भिवंडीत कल्याण रोडवर, खाली औषधांचं दुकान आणि वर तरे बालरुग्णालय. डॉक्टर रीमा तरे इथल्याच. मुलांच्या फ्लूवरच्या एका नव्या औषधाची चाचणी देशात ज्या मोजक्या ठिकाणी चालली होती, त्यात त्यांचा दवाखाना होता. वनिता त्या चाचणीची नर्स. आयांना समजावणं, त्यांची संमती घेणं, डोस पाजणं आणि मग घरी जाऊन मूल कसं आहे ते बघणं, हे तिचं काम. कोणाच्या बाटलीत खरं औषध आहे आणि कोणाच्या बाटलीत नुसता गोड पाक, हे तिलाही ठाऊक नसे आणि डॉक्टरांनाही. ताप चढलाच तर नेहमीचं औषध हाताशी तयार असायचं.

तिचा या कामावर विश्वास होता. थंडी पडली की पॉवरलूमच्या वस्त्यांमधून पोरं तापाने फणफणायची. कापसाच्या बारीक धुळीने आधीच खोकणाऱ्या त्या छात्या. आया घाबरून कुठेही जायच्या. कोणी गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून आणायचं, कोणी शेजारच्या घरात उरलेलं औषध अंदाजाने पाजायचं. एखादं पोर मग उशिरा, निळ्या ओठांनी जिना चढून यायचं. अशी दोन-तीन वनिताने आपल्या हातांनी चादरीखाली झाकली होती. त्यामुळे समोरच्या बाईला समजावताना तिच्या आवाजात जो ठामपणा यायचा, तो पाठ केलेला नसायचा.

जानेवारीत दिपाली आली. मानकोलीची दिपाली, वनिताची शाळेतली मैत्रीण, एका बाकावर बसलेली. सासरची शेतं गोदामांना गेली होती, नवऱ्याचे ट्रक होते, हायवेपासून आत दुमजली बंगला होता. खांद्यावर सात वर्षांची ऋतिका होती, मान टाकलेली, गाल तापाने लाल झालेले.

वनिताने सगळं सांगितलं. दिपालीने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"वने, तुझी पोर असती तर पाजलं असतंस?"

"पाजलं असतं."

"बस मग. कुठं सही करू?"

ऋतिकाने औषध प्यायलं आणि सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिपालीचा फोन आला, की ताप उतरलाय, पोरगी भाकरी मागतेय. वनिताला इतका आनंद झाला, की तिने कामवाल्या मावशींना बोलावून सांगितलं.

घरी जाऊन बघायच्या पहिल्या फेरीत ती खारबावला गेली. स्टेशनच्या पलीकडे, जिथे भाताची खाचरं संपून खाडीकडची खारट जमीन सुरू होते, तिथे राहीबाई नावाच्या आजीचं घर होतं. तिचा नातू मितेश चाचणीत होता. पोराचे आईबाप सकाळीच गोदामात ड्युटीला जात, त्यामुळे सगळं आजीवर. मितेश अंगणात टायर पळवत होता. वनिताने त्याला धरून ताप पाहिला, छाती ऐकली. पोर ठणठणीत होतं.

"दोन दिवसांत उठला बग," राहीबाई म्हणाली. "ये ग बाय, आत बस. उन्हात नको."

आत जमिनीवर चटई आणि चटईवर एक गोधडी अंथरलेली होती. वनिता टेकली आणि टेकताना तिचा हात गोधडीच्या डाव्या बाजूला पडला. तिने तो झटकन उचलला.

जागा गरम होती. आताच कोणी उठून गेल्यावर लागते तशी ऊब ती नव्हती. तापलेल्या कपाळाची आच होती ती, कोरडी, आतून येणारी. तिने गोधडी उलटली. खाली चटई, चटईखाली शेणाने सारवलेली थंड जमीन. चूल मागच्या पडवीत, खिडकी उत्तरेला. तिने पुन्हा हात ठेवला. ती गरम जागा लांबीला एका पोराएवढी होती. हात जरा बाजूला सरकवला की गोधडी गार.

"इथे कोण झोपलं होतं, आजी?"

राहीबाई स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन आली होती. पाण्यात फडक्याची घडी होती. तिने वनिताकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"कोन न्हाय," ती म्हणाली, आणि फडकं पिळून तिने ते गोधडीच्या वरच्या टोकाला, जिथे कपाळ आलं असतं तिथे ठेवलं.

वनिता उठून निघाली. स्टेशनपर्यंत ती स्वतःला समजावत राहिली. म्हातारं माणूस आहे, नातवाच्या आजारपणात रात्री जागलेलं, हाताला सवय लागलेली. आणि गोधडी तर काय, मघाशी उन्हात वाळत घातली असेल.

शांतीनगरमधल्या एका खोलीत, लूमच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ओरडून ऐकावं लागेल अशा जागी, एक बाई तिला म्हणाली, "बच्चा तो ठीक है दीदी. पर उसके बाजू में कोई सोता नहीं अब." का, ते तिने सांगितलं नाही. तिचा नवरा मान खाली घालून धाग्याची गुंडाळी सोडवत राहिला. पोराची झोपायची फळी भिंतीला उभी करून ठेवली होती. जाता जाता वनिताने तिला बोटं लावली. फळी गरम होती.

त्यानंतर ती प्रत्येक घरात हात लावून बघू लागली. सगळीकडे तसं नव्हतं. काही मुलांचा ताप आपल्या चालीने रेंगाळत उतरला होता. त्यांची अंथरुणं इतर अंथरुणांसारखीच होती. पण जी पोरं झपाट्याने, एक-दोन दिवसांत उठून बसली होती, त्यांच्या शेजारी ती जागा असायचीच. एका घरात तिने धीर करून, आई चहा करायला आत गेली असताना, कपाळावर धरायचा थर्मामीटर त्या रिकाम्या चादरीवर धरला. एकशे तीन. तिने तो स्वतःच्या मनगटावर धरून पाहिला, भिंतीवर धरून पाहिला, मग पुन्हा चादरीवर. आकडा थोडा वाढला होता.

डॉक्टर रीमांना तिने दुपारी, ओपीडी रिकामी झाल्यावर सांगितलं. त्या हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मुलं बरी आहेत ना?"

"एकदम बरी आहेत, मॅडम."

"फिट, पुरळ, उलट्या, काही?"

"काहीच नाही."

"मग मी कंपनीला काय कळवू, वनिता? अंथरूण तापतं म्हणून?" आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. मग त्या म्हणाल्या, "शांतीनगरच्या त्या मुलाला मीही बघून आले. मला विचारू नकोस." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलवायची घंटा वाजवली. बाहेर कोणीच नव्हतं.

फेब्रुवारीत दिपालीच्या नवऱ्याचा फोन आला. हा माणूस वनिताशी एरवी दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. "तुमच्या मैत्रिणीला समजावा," तो म्हणाला. "पोरगी बरी झाली आणि हिला काय झालंय कळत न्हाय. दिवसभर वरच्या खोलीत रिकाम्या पलंगाजवळ बसते. माझी आई भगताला आणायचं म्हणते. तुमचं ऐकंल ती."

वनिता लगेच गेली. बंगल्यासमोर कंटेनर उभे होते, धूळ होती, आणि धुळीत ऋतिका शेजारच्या मुलींबरोबर लंगडी खेळत होती. तिने वनिताला ओळखलं, धावत येऊन हात धरला. तिचा हात गार, कोरडा, चांगल्या पोराचा हात होता.

"मावशी, आई वर आहे. तिच्याजवळ."

"कोणाजवळ ग?"

ऋतिकाने खांदे उडवले. "ती पाणी मागत नाही. पण तिला लागतं," असं म्हणून ती खेळायला पळाली.

वरच्या खोलीत खिडकीचा पडदा ओढलेला होता. पलंगावर दिपालीच्या आईने शिवलेली गोधडी, जुन्या लुगड्यांची, तांबडी-हिरवी. दिपाली काठावर बसून ओलं फडकं ठेवत होती, उचलत होती, वाटीत बुडवून पिळत होती, पुन्हा ठेवत होती. तिचे केस विंचरलेले नव्हते. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"उतरत न्हाय ग," ती म्हणाली. "जरा उतरतो, मी जेवाया खाली गेले की चढतो. हात लाव."

वनिताने हात लावला. त्या आधीच्या कुठल्याच घरात तिला एवढी धग लागली नव्हती. फडकं ठेवल्या ठेवल्या कोरडं होत होतं. तळव्याखाली, अगदी पुसट, काहीतरी भरभर वर-खाली होत असल्यासारखं तिला वाटलं, आणि तिने हात काढून घेतला.

तेव्हा तिने काही वेळ गप्प बसायला हवं होतं. पुढे अनेकदा तिला तेच वाटत राहिलं. निदान दिपालीच्या हातातलं फडकं घेऊन थोडा वेळ आपण बसलो असतो, तिला झोपू दिलं असतं. पण ती घाबरली होती. घाबरल्यावर ती नेहमी जसं बोलायची तसं, ठाम आवाजात बोलली.

"दिपाली, इथे कोणी नाही. तुझी पोर खाली खेळतेय. तिची वेणी कोणी घातलीय बघितलंस? सासूने. तिच्याशी शेवटचं कधी बोललीस?"

दिपालीचा हात थांबला.

"तू आजारी पडशील. घरात भगत येईल, धूर करतील, तुला धरून बसवतील. तुला ते हवंय? ही खोली बंद कर. कुलूप लाव. उघडून बघू नकोस. चार दिवस ऋतिकाला कुशीत घेऊन खाली झोप. आपोआप सगळं ठीक होईल."

"आणि हिचं?"

"ही कोणी नाही."

दिपालीने तिच्याकडे पाहिलं. शाळेत गणित अडलं की ती असंच वनिताकडे बघायची.

"तू सांगतेस?"

"मी सांगते."

दिपालीने फडकं वाटीत ठेवलं. उठताना तिने गोधडीचं टोक वर ओढून नीट केलं, जसं झोपलेल्या पोराच्या गळ्याशी करतात. मग बाहेर येऊन तिने स्वतःच कुलूप लावलं. जिना उतरताना वनिताला मागे, बंद दाराच्या आत, पलंगाची फळी करकरल्यासारखी वाटली. लाकूड आहे, थंडीत आवाज करतंच, असं तिने मनाशी म्हटलं. दिपालीनेही ते ऐकलं होतं. ती वळली नाही. वनिताने सांगितलं होतं ना.

पुढच्या आठवड्यात चाचणीतल्या मुलांच्या शेवटच्या तपासण्या होत्या. खारबावचं घर त्यात होतं. वनिता पोचली तेव्हा राहीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती आणि तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

"उतरला," ती म्हणाली.

"मितेशचा तर केव्हाच उतरला, आजी."

"त्याचा न्हाय." सूप बाजूला ठेवून ती हळूच हसली. "लय दिवस घेतले. मी म्हटलं, जाशील कुठं, मी बसले हाय. परवा पहाटं घाम सुटला. गोधडी भिजली बग सगळी."

घरात मितेश चटईवर चित्र रंगवत होता, पोटावर पालथा पडून, चटईच्या अगदी कडेला. उरलेली चटई रिकामी होती.

"सरक रं," राहीबाई म्हणाली, "बाईला बसू दे."

"मी सरकलोय," मितेश मान वर न करता म्हणाला. "त्याला सांग."

राहीबाईने रिकाम्या चटईकडे नुसतं पाहिलं. वनिता खाली बसली. तिने हात टेकवला. जागा गार होती. तिने हात हळूहळू पुढे सरकवला आणि मितेशच्या कोपराजवळ तिला ऊब लागली. ताप नव्हता. पोराच्या अंगाला असते तेवढीच ऊब, शांत, निरोगी. ती तिच्या हातापासून थोडी मागे सरली. तिला बसायला जागा करून दिल्यासारखी.

मितेशपासून जरा दूर पडलेला हिरवा खडू घरंगळत त्याच्या हाताशी आला. त्याने तो घेतला आणि झाड रंगवायला सुरुवात केली.

वनिता उठली. राहीबाई मागून काहीतरी म्हणत होती, चहा घेऊन जा म्हणत होती. स्कूटी चालू करून ती मानकोलीकडे निघाली.

अंजूरफाट्याला ट्रकांची रांग होती. तिने दिपालीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. एका कंटेनरच्या मागे धुरात उभी असताना तिला डॉक्टर रीमांचा मेसेज आला, की कंपनीने आतापर्यंतच्या बाटल्यांची नोंद उघडली, आकडे उत्तम आहेत, खऱ्या औषधाने मुलं कितीतरी लवकर उठली, कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसात सगळे खूश आहेत, तुझे विशेष आभार. पुढे ते औषध चांगलं ठरलं, आणि ज्या पोरांनी ते घेतलं ती सगळी आजही धडधाकट आहेत. वनिताने त्या महिन्याच्या शेवटी नोकरी सोडली तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. पण ते नंतरचं. त्या वेळी ती फक्त समोरचा ट्रक हलायची वाट बघत होती, आणि मनात एकच चाललं होतं, की दिपालीने माझं ऐकलं नसू दे.

बंगल्याचं दार दिपालीनेच उघडलं. केस विंचरलेले, पातळ धुतलेलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मला एकटीला उचलत न्हाय."

वनिता तिच्यामागून जिना चढली. वरचं कुलूप काढलेलं होतं. पडदा बाजूला केला होता आणि पलंगावर दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

उन्हात पडलेली ती गोधडी वनिताने तळहाताने चाचपली. गार. आणखी थोडं वर. गार. उन्हाने तिचा स्वतःचा हात तापला, गोधडी तापली नाही.

"कधी?"

"काल सकाळी. त्याआधी दोन दिवस लय आवाज होता. मी दाराला कान लावून बसायचे." दिपालीचा आवाज सरळ होता. त्यात बोल लावल्याचा सूर नव्हता, आणि वनिताला तेच सोसवेना. "तू उघडू नको म्हणालीस, म्हणून उघडलं न्हाय."

"दिपा..."

"तुझा काय दोष? तू बघितलंस तेवढं सांगितलंस."

खाली हायवेवर ट्रकचा हॉर्न लांबून जवळ आला आणि पुढे गेला.

"ऋतिका?"

"शाळेत. तिला सांगितलं न्हाय अजून. ती यायच्या आत करू." दिपालीने गोधडीच्या वरच्या दोन कडा गोळा केल्या. "मागं आंब्याखाली जागा केली हाय. तू पायाकडची बाजू धर."

वनिताने दोन कोपरे धरले. जुन्या लुगड्यांची गोधडी. एका हाताने उचलून खांद्यावर टाकता आली असती.

दोघींनी मिळून उचलली.

गोधडी मध्ये झुकली. वनिताच्या मनगटांना ओढ बसली आणि तिला पाय रोवून उभं राहावं लागलं.

त्या जिन्यापर्यंत आल्या. वनिता खालच्या पायरीवर, दिपाली वर. वळणावर भिंत जवळ आली.

"हळू ग," दिपाली म्हणाली. "डोकं लागंल."

वनिताने आपली बाजू खाली घेतली, आणि आतलं वजन सावकाश तिच्या हातांकडे सरकलं.